न मोडलेला पाव

"हा कोणी केला?" त्या साहेबाने विचारलं.

पाव अजून गरम होता. मी तो भट्टीतून काढून लाकडी टेबलावर ठेवला होता आणि साहेब वाकून वाकून त्याच्याकडे बघत होता. ताटाएवढा गोल पाव, गडद तांबूस. त्याच्यावर भाताची लोंबी कोरलेली, दाणा न दाणा वेगळा, आणि लोंबीच्या टोकाला एक चिमणी. चिमणीच्या वजनाने लोंबी जराशी वाकलेली.

"मी कोरलाय," प्रणिता म्हणाली. "आधी वरून तांदळाचं पीठ चोळायचं, मग दाढीच्या पात्याने कापायचं. भट्टीत पाव फुगतो तसं चित्र उघडत जातं."

"आर्टिस्ट आहात तुम्ही!" साहेब म्हणाला. "आणि हा खराखुरा सावरडो आहे. पुण्यामुंबईत लोक याच्यासाठी रांगा लावतात."

"सावर्डे हय खय? ता चिपळुणाजवळ," मी म्हणालो.

साहेब हसला. प्रणिताही हसली. आंबवलेल्या पिठाच्या पावाला इंग्रजीत तसं म्हणतात, हे मला मागाहून कळलं. साहेबाने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. मी बनियन आणि अर्ध्या चड्डीत होतो, भुवयांपर्यंत पीठ.

"आणि हे?"

"हे पास्कूकाका," प्रणिता म्हणाली. "हे भट्टी बघतात."

एवढंच ती म्हणाली. घाईत म्हणाली, कारण साहेब पुढचं विचारत होता आणि तिला एकही प्रश्न सोडायचा नव्हता. मला ते तेव्हाही कळत होतं. पण तिच्या तोंडून ते वाक्य निघालं आणि माझ्या कानात राहिलं.

सावंतवाडीच्या बाजारामागे आमची बेकरी. आज्याने बांधलेली भट्टी, बापाने चालवलेली, मग माझी. मी शाळेची पायरी चढलो नाही. सात वर्षांचा असताना पिठात हात घातला तो पन्नास वर्षं काढलाच नाही. प्रणिता चितारआळीतल्या मेस्त्रींची मुलगी. तिचा बाप लाकडी खेळणी करायचा, बैल, बाहुल्या, रंगीत फळं. तो गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. माझ्याकडे कामाला आली आणि तीन वर्षांत सगळं शिकली. पीठ कधी मळायचं, कधी त्याला हात लावायचा नाही, बोटाने दाबलं की खळगा किती सावकाश भरून यायला हवा. हे सगळं तिला मी शिकवलं. चित्रं मात्र तिची, बापाच्या हातातून आलेली. पहिल्यांदा तिने पावावर पान कोरलं तेव्हा मी ओरडलो होतो, "पाव खावक असता, बघूक नाय!" ते पाव दुपारच्या आत संपले. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक दारातून विचारायला लागलं, "काय पास्कू, चिमणीवालो पाव आसा?" मी "आसा" म्हणायचो आणि मला बरं वाटायचं. चिमणी जणू मीच बसवली होती.

साहेब वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर नवीन हॉटेल उघडत होता. तीन आठवड्यांनी उद्घाटन. त्याला बारा मोठे पाव हवे होते, प्रत्येकावर वेगळं चित्र, आणि ते जमले तर पुढे दर आठवड्याला. एकच अट त्याने घातली. काजळी धरलेल्या आमच्या भिंतींवरून नजर फिरवत तो प्रणिताला म्हणाला, "पाहुणे वर्कशॉप बघायला येणार. जागा स्वच्छ हवी, आणि तुमच्या नावाची हवी."

तो गेल्यावर प्रणिता बराच वेळ टेबल पुसत राहिली. पुसलेलंच परत पुसत होती.

"काका, बाबांची खोली रिकामी आसा," शेवटी ती म्हणाली. "थय धाकटी भट्टी बांधतंय. तुमका काय वाटता?"

"बांध की."

"बाबांचा खेळणी करूचा चक्र काढूचा लागतला. आवशीक विचारलंय. ती रडली, पण हो म्हणाली."

"मग झाला तर."

"काका," ती म्हणाली, "माका म्हातारी देशात?"

हे थोडं सांगायला हवं. आम्ही बाजारचं यीस्ट वापरत नव्हतो. आमच्या पावाला फुगवायचं ते आंबलेलं जुनं पीठ. त्यातलं रोज थोडं मळणीत घालायचं आणि उरलेल्याला रोज नवं पीठपाणी देऊन जगवायचं. माझ्या आज्याने ते माडी घालून सुरू केलं होतं. आमच्या घरात त्याला म्हातारी म्हणत. म्हातारी विकायची नाही, अशी रीत. आणि कोणी मागायला आला तर नाही म्हणायचं नाही. दोन्ही हातांनी द्यायची, घेणाऱ्याने दोन्ही हातांनी घ्यायची. आणि तिच्यावर झालेला पहिला पाव, कसाही होवो, तो घेणाऱ्याने देणाऱ्याच्या घरी आणायचा. देणारा तो मोडतो, सगळे खातात. मगच ती नव्या घरची होते.

"देतंय," मी म्हणालो. "भट्टी सुकली की ये."

भट्टी सुकायला दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत ती माझ्याकडे कामाला येतच होती, आणि येईल त्याला सांगत होती. पाववाले पोरगे, डॉक्टरीणबाई, चर्चचे फादर. सगळ्यांच्या तोंडी एकच. "पास्कू, तुझ्या हाताखालची पोर मोठी झाली रे!" मी हसायचो. दुपारी आडवा पडलो की वाक्य यायचं. हे भट्टी बघतात.

रविवारी कार्मेल, माझी बायको, चर्चमध्ये मिसेला गेली. मी म्हणालो, भट्टी विझवून मागाहून येतो. प्रणिता दहा वाजता यायची होती. आईची जुनी चिनीमातीची बरणी मी काढून धुतली होती. म्हातारीतला अर्धा भाग बरणीत भरला. छान होती त्या दिवशी, बुडबुडे येत होते, माडीचा वास.

मी बरणी उचलली आणि भट्टीच्या पाठीवर ठेवली, जिथे आम्ही ओली लाकडं सुकवायला टाकतो. मग बाहेर जाऊन पायरीवर बसलो. एक विडी ओढली. मग दुसरी.

आत आलो तेव्हा बुडबुडे नव्हते. वर पाणी सुटलं होतं. मी ते ढवळलं, बरणीला बाहेरून ओला पंचा गुंडाळला, तो बदलला, परत गुंडाळला. बाजूंना हात लावून पाहिला. गार होत्या. मग कोरड्या फडक्यात बांधून टेबलावर ठेवली. मला तिला मारायची नव्हती, जराशी मंद करायची होती, म्हणजे पोर आठवड्याने परत विचारायला येईल, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण पन्नास वर्षं पिठात घालवलेल्या माणसाला किती आच पुरते हे कळत नाही, असं कोण म्हणेल?

प्रणिता आली ती नवं लुगडं नेसून. तिच्या आईचं असावं, तिला लांब होत होतं. कार्मेलही तेवढ्यात मिसेवरून परतली. मी बरणी दोन्ही हातांनी पुढे केली. प्रणिताने खालून दोन्ही हात लावले. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय गो?" कार्मेलने विचारलं.

"काय नाय," प्रणिता म्हणाली, आणि बरणीला कपाळ टेकवलं.

तीन दिवसांनी ती आली. डोळे सुजलेले, कोपरापर्यंत पीठ.

"काका, पीठ चढणा नाय. तीन दिस झाले. पेजेसारखो वास येता."

"पाणी बदलला ना. चितारआळीच्या बावडीचा पाणी जड."

"तुमच्यासारखाच केलंय सगळा."

"हात नवो आसा. म्हातारी ओळखूक वेळ लावता."

ती म्हणाली, "काका, माझाच कायतरी चुकला काय? तुमी सांगा. माका राग येवचो नाय."

मी कणिक मळत होतो. मळतच राहिलो. "नव्यान कोणाचाय चुकता," मी म्हणालो.

"मग थोडी परत देशात? तुमच्याकडे आसाच ना." माझ्या मागे फळीवर म्हातारीचं भांडं होतं, झाकण वर उचलून फेस बाहेर आलेला.

"म्हातारी एकदाच देतत," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा दिली तर दोन्ही घरातली जाता."

ती त्या भांड्याकडे बघत राहिली. मग "बरा" म्हणाली आणि गेली.

कार्मेल दारात कांदे निवडत बसली होती. ती म्हणाली, "ही रीत कधीची?"

"कुठली?"

"एकदाच देवची."

"आज्याच्या वेळेची."

"माका या घरात येवन तेहतीस वर्सां झाली," कार्मेल म्हणाली. "मी नाय आयकलंय कधी." आणि परत कांदे निवडायला लागली.

हॉटेलला पाव गेले नाहीत. साहेबाने गोव्यातून मागवले. तो एकदा आमच्या दारावरून गाडीतून गेला, थांबला नाही. चितारआळीतली माणसं म्हणायची, मेस्त्रीच्या पोरीने बापाचं चक्र फुकट घालवलं. कोणी तिला तोंडावर म्हणायचा, "काय गो, तुझो पाव झोपलो तो उठलो काय नाय?" मी हे बाजारात ऐकलं. ऐकून भाजी घेतली आणि घरी आलो.

उद्घाटन होऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, प्रणिता आमच्या घरी आली. हातात फडक्यात बांधलेला पाव. रीतीप्रमाणे पहिला पाव.

तिने तो टेबलावर ठेवून फडकं सोडलं. पाव फुगलेला नव्हता. चपटा होता, पाटासारखा. पण त्याच्यावर जे कोरलं होतं तसं तिने आधी कधी कोरलं नव्हतं. मधोमध आमची भट्टी, तिच्या कमानीतली एकेक वीट. भट्टीपुढे पाठमोरा माणूस, हातात लांब दांड्याची फळी. पाठीच्या वाकावरून कोणीही ओळखलं असतं. आणि काठाने सगळीकडून वेल, गुंतागुंतीची, पानांत पानं. फुगलेल्या पावावर इतकं बारीक काम टिकलं नसतं. भाजताना फाटून गेलं असतं. मेलेल्या पिठावर ते जसंच्या तसं राहिलं होतं.

"देवा!" कार्मेल म्हणाली. "ह्यो तर तूच रे, पास्कू."

"काका, मोडा," प्रणिता म्हणाली.

मी दोन्ही हातांनी धरला. मोडला नाही. गुडघ्यावर घेऊन जोर लावला. अंगठ्यांतून कळ गेली. कार्मेलने सुरी आणली, ती कवचावरून घसरली.

"दगड झालो," मी म्हणालो, आणि हसलो. कोणीच हसलं नाही.

"भिजवन खाल्लात तरी चालात," प्रणिता म्हणाली. "पण खावा. रीत आसा ना."

"संध्याकाळी खातंय. चायत बुडवन."

ती मान हलवून निघाली. पायरीवर चपला घालताना तिने आमची बरणी पिशवीतून काढली, स्वच्छ धुतलेली, आणि दारात ठेवली. "ही तुमच्या आवशीची ना," म्हणाली. त्यानंतर ती माझ्या बेकरीत आली नाही. महिन्याभराने कळलं, गोव्यात एका बेकरीत कामाला लागली.

तो पाव मी खाल्ला नाही. संध्याकाळी चहा आला तेव्हा मी म्हणालो, दात दुखतायत. मला तो पाठमोरा माणूस कुठूनही खायला सुरुवात करता येईना. दुसऱ्या दिवशी कार्मेलने पाव उचलला, उतरत्या भट्टीत दोन दिवस सुकवला आणि चितारआळीत नेऊन त्याला रोगणाचा हात मारून आणला. मग घरात क्रूसाखालच्या फळीवर उभा ठेवला, खालचा काठ फळीच्या पट्टीआड. दर शनिवारी ती तो खाली काढायची, मऊ फडक्याने पुसायची, परत ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगायचो, "आमच्या हाताखालच्या पोरीन केल्यान. बघा, माका कोरल्यान." लोक वाहवा करायचे. अकरा वर्षं केली.

अकराव्या वर्षी नात, एलिना, पहिलीत गेली. तिची पाटी माझ्यासमोर असायची. ती म्हणाली, आजोबा, तुम्हाला ग पण येत नाही? मग तीच मास्तरीण झाली. चुकलं की कान धरायची. पावसाळा संपेपर्यंत मी जोडाक्षरांपर्यंत आलो. अडुसष्टाव्या वर्षी माणूस वाचायला शिकला की घरातलं काहीच सोडत नाही. मी कॅलेंडर वाचलं, औषधाच्या बाटल्या वाचल्या, मिठाची पिशवी वाचली.

एका शनिवारी कार्मेलचा गुडघा धरला होता. म्हणाली, आज तेवढा पाव तू पूस. मी तो खाली काढला, मांडीवर घेतला. पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. फडकं काठाने फिरवलं, खालच्या बाजूला आलो, जिथे वेलीची मुळं होती. ती मुळं नव्हती. बारीक, पानांत गुंफलेली अक्षरं होती. मी बोट ठेवून एलिनासारखं मोठ्याने वाचलं.

ब. र. णी. बरणी.

ग. र. म. गरम.

होती.

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. मग मला ते दहा वाजताचं ऊन आठवलं, लांब झालेलं लुगडं, आणि तिचे दोन हात बरणीखाली गेलेले. बाजूंना ओला पंचा गुंडाळताना तळ मी विसरलो होतो. जाड तळाची बरणी. दोन्ही हातांनी घेणारा तिला खालूनच धरतो.

म्हणजे तीन दिवसांनी दारात उभी राहून तिने मला विचारलं होतं, माझंच काही चुकलं का, तेव्हा तिला ठाऊक होतं. परत थोडी द्याल का, म्हणाली तेव्हाही. दोनदा तिने मला वाट करून दिली होती.

मी पाव तसाच हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. कार्मेल पाय लांब करून तांदूळ निवडत होती. माझ्या बोटाखाली काठ होता. तिने ते बोट पाहिलं.

"वाचलंस?" ती म्हणाली.

"तुका म्हायत होता?"

"मी चौथी शिकलंय, पास्कू. पयल्याच दिवशी वाचलंय."

"मग अकरा वर्सां बोललंस नाय?"

"मी वाट बघीत होतंय," ती म्हणाली. "तू बोलशील म्हणान." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "कुडाळची गाडी साडेदहाक आसा. प्रणिता आता थय असता."

पाव पंच्यात बांधून मी कुडाळला गेलो. प्रणिताचं दुकान शोधावं लागलं नाही, रिक्षावाल्यानेच सांगितलं. काचेत पाव मांडलेले, एकावर बैलजोडी, एकावर माडाखालची होडी, एकावर नवरानवरी. आत चार मुली पात्याने कोरायला शिकत होत्या. ती केसांना फडकं बांधून मध्ये उभी होती. केसांत थोडं पांढरं आलं होतं. मला ओळखून तिने हात पुसले.

"काका, बसा. पाणी देऊ?"

मी पंचा सोडला. पाव तिच्या टेबलावर ठेवला. मुली बघायला आल्या, "मॅडम, हा केवढा बारीक!" म्हणाल्या. तिने त्यांना आत पाठवलं.

"मी वाचलंय," मी म्हणालो. "आज सकाळी. माका येवक लागला वाचूक." पुढचं वाक्य मी बसमध्ये दहा वेळा म्हणून ठेवलं होतं. ते म्हणालो. "बरणी मी भट्टीर ठेवली होती. मुद्दाम ठेवली होती."

"म्हायत आसा."

"तुझ्याकडची ही म्हातारी…"

"ती माझीच. काजूच्या बोंडांच्या रसावर धरली. महिनो लागलो." तिने पावावर बोट ठेवलं, माझ्या पाठीवर. "पण काका, ह्या तुमी वाचूचा म्हणान मी लिवलाच नव्हता. तुमका वाचूक येणा नाय, ह्या माका ठावक होता."

"मग?"

"तुमी खातलात म्हणान लिवलंय. मोडतलात, खातलात, पोटात जायत, संपात. माझाय आणि तुमचाय." ती जराशी हसली. रागाने नाही, आणि तेच मला सोसवेना. "तुमी ठेवन दिलात."

मी पाव उचलला. दोन्ही हातांनी धरला. खरंच मोडायला लागलो. तिने माझा हात धरून खाली केला.

"आता कसो खातलात, काका?" ती म्हणाली. "रोगण लावलात ना."

मी तो घरी परत आणला. क्रूसाखालच्या फळीवर मी तो परत उभा केला, पण फिरवून, खालचा काठ वर येईल असा. चित्रातला माणूस आता उलटा दिसतो, डोकं खाली. अक्षरं मात्र वर आली. ती उलटी पडली आहेत, पण मान वाकडी केली की कोणालाही वाचता येतात. घरात आलेला माणूस आधी विचारतो, पाव उलटा का ठेवलाय? मग मान वाकडी करतो, वाचतो, आणि विचारतो, "कसली बरणी?"

मग मला पहिल्यापासून सांगावं लागतं.